दोरीवरची वेष्टी

मानाजीरावांची वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं नेसायचं तमिळ धोतर, आठवड्यातून दोनदा धुतली जायची, मंगळवारी आणि शनिवारी. ती गच्चीवरच्या दोरीवर अशी पसरायची की समोरच्या तिन्ही घरांना तिची हिरवी किनार नीट दिसावी. एवढ्या नेमाने त्या घरात देवपूजासुद्धा होत नव्हती. आणि ती नेसणारे मानाजीराव? ते अठरा वर्षांपूर्वी घर सोडून चेन्नईच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठच्या कोवलमला गेले होते. तिथे दुसरीबरोबर संसार थाटून मासळीवाल्यांना बर्फ पुरवण्याचा धंदा करत होते. अठरा वर्षांत त्या वेष्टीला माणसाचं अंग लागलं नव्हतं. कपाटातून बादलीत, बादलीतून दोरीवर, दोरीवरून कपाटात. विरली की दुसरी विकत आणायची, तशाच हिरव्या किनारीची. ही तिसरी होती.

ही अक्कल सासूबाईंची. अन्नपूर्णाबाई जिवंत असताना त्यांनीच हा पायंडा पाडला. मुलगा गेला त्याच्या चौथ्या दिवशी त्यांनी सुनेच्या हातात वेष्टी दिली आणि म्हणाल्या, "दोरीवर घाल. लोकांस कळूं नये. शिफ्टच्या कामास गेला म्हणून सांग." अंबुजा तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती. मूल नव्हतं, माहेर उरलं नव्हतं, तंजावरचं घर विकून आईवडील कधीच वर गेले होते. तिने वेष्टी दोरीवर घातली. बस्स, तिथेच चुकलं. एकदा घातलेली वेष्टी पुढे काढायची कशी?

मग एका वेष्टीमागून बाकी सगळं आलं. दारावरच्या पाटीवर मानाजीरावांचं नाव राहिलं. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख मानाजीराव राहिले. जनगणनेचा माणूस आला तेव्हा थोरले दीर हंबीरराव पुढे होऊन म्हणाले, "भाऊ श्रीपेरुंबुदूरला कार कंपनीत आहे, रविवारी येतो." घरातल्या प्रत्येक लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रकांच्या ओळीत 'श्री. मानाजीराव व सौ. अंबुजाबाई' अशी जोडी छापली जायची. तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेल्या घराण्यातला पुरुष बायकोला टाकून जातो, हे कसं दिसेल? नाहीच दिसू द्यायचं. त्या सौ.पायी अंबुजाने पोटगीचा दावासुद्धा लावला नाही. हंबीररावांनी तिला तेव्हाच सुनावलं होतं, "आपल्या घरच्या बायका कोर्टाची पायरी चढत नाहींत." बायका चढत नाहीत, पुरुष मात्र घराची पायरी खुशाल उतरतात, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

अंबुजा कमवत होती तोवर निभावलं. अंबत्तूरच्या एका छोट्या कारखान्यात ती एकवीस वर्षं स्क्रू मोजून पाकिटात भरायची. मागच्या वर्षी कारखान्याने तो विभाग बंद केला. आता तिचं वय सत्तावन्न, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, बोटं सकाळी वळत नाहीत. हंबीररावांच्या घराच्या मागच्या खोलीत राहायचं आणि जाऊ कनका जे वाढेल ते खायचं. कनका वाईट नव्हती. पण भात वाढताना ती एक क्षण थांबायची आणि मग डाव उपडा करायची. तो एक क्षण अंबुजाच्या घशाखाली उतरत नसे.

कारखान्यातल्या एका जुन्या सोबतिणीने तिला सांगितलं, नवऱ्याने सोडलेल्या बाईला सरकार पेन्शन देतं. महिना बाराशे. पाच वर्षं तो सोबत राहत नसला पाहिजे आणि पोसत नसला पाहिजे, एवढंच. अंबुजा मनात हसली. एवढंच? पाचाच्या जागी अठरा आहेत की! तिने कोणाला न सांगता फोटो काढला, अर्ज भरला, तालुका कचेरीत दिला. बाराशेत डोळ्याचे थेंब येतील, आपले तांदूळ आपल्याला आणता येतील, आणि कनकाचा डाव हवेत थांबायचं काही कारण उरणार नाही. एवढ्यासाठीच तिला ते पैसे हवे होते.

चौकशीला व्ही.ए.ओ. येतो. गावापुरता सरकारी अधिकारी, आता गाव शहरात गेलं तरी हुद्दा तोच. वेंकट नावाचा तिशीतला तरुण, काखेत फाईल, मोटारसायकलवर हेल्मेट. तो न कळवता आला आणि नेमका मंगळवारी आला. अंबुजा डोळ्यांच्या दवाखान्यात रांगेत बसली होती. दार कनकाने उघडलं.

पुढे काय झालं ते अंबुजाला संध्याकाळी कनकानेच सांगितलं, तेही मोठ्या फुशारकीने.

"कोणी ऑफिसर आला होता. तुझ्या वीट्टुक्काररास विचारत होता, नवरा कोठें म्हणून. मी सांगितलें, श्रीपेरुंबुदूरला शिफ्ट आहे, रविवारीं येतात. गच्चीवर वेष्टी दाखविली. सरी, बरें म्हणाला, लिहून घेतला."

अंबुजाच्या हातातली औषधाची पिशवी तशीच राहिली. "अक्का, तो काय म्हणून आला होता, विचारलं का तुम्ही?"

"काय म्हणून विचारूं? दारीं आलेल्या माणसास पत्रिका न देतां कसें पाठवायचें! कुंकू-अक्षता लावून जननीच्या लग्नाची पत्रिका दिली. तूं होतीस तरी हेंच केली असतीस."

हे मात्र खरं होतं. पत्रिका छापून आल्या की उंबऱ्यात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला, मग तो गॅसवाला का असेना, ताटात कुंकू-अक्षता ठेवून निमंत्रण द्यायचं, ही त्या घराची रीत. कनकाची मुलगी जननी, तिचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. आणि त्या पत्रिकेवर, वर तमिळमध्ये आणि खाली हौसेने छापलेल्या दोन मराठी ओळींत, श्री. मानाजीराव व सौ. अंबुजाबाई हात जोडून उभेच होते.

अंबुजा गच्चीवर गेली. वेष्टी दोरीवर वाऱ्याने फुगली होती. ती सकाळी तिनेच घातली होती, स्वतःच्या हाताने. अर्ज देऊन महिना झाला तरी मंगळवार उजाडला की तिचा हात आपोआप बादलीकडे गेला होता. तिला कनकाचा राग आला, मेलेल्या सासूचा आला, पण त्या क्षणी सगळ्यात जास्त आला तो स्वतःच्या हाताचा.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली. वेंकटच्या टेबलावर काचेखाली लग्नाची पत्रिका होती. त्याने तिला बसायला सांगितलं, तमिळमध्ये, आदराने.

"अम्मा, तुमच्या अर्जात लिहिलंय नवरा अठरा वर्षं सोबत राहत नाही. आणि नवऱ्याने तर मला लग्नाला बोलावलंय." त्याने काचेवर बोट ठेवलं. "दारावर त्यांचं नाव. कार्डावर त्यांचं नाव. दोरीवर त्यांची वेष्टी, तीही ओली. मी वर काय लिहून पाठवू?"

"ते सगळं खोटं आहे, सार."

"कोणी केलं खोटं?"

अंबुजाने काचेखालच्या आपल्याच नावाकडे पाहिलं. काय सांगणार? आम्हीच. अठरा वर्षं, आठवड्यातून दोनदा.

वेंकट चिडला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. "बघा अम्मा, घर खोटं की अर्ज खोटा, ते तुम्ही ठरवा. नवऱ्याकडच्या मोठ्या माणसाने लिहून द्यावं की तो इथे राहत नाही. दीर लिहून देतील? किंवा नवऱ्याने स्वतः सांगावं. मग मी अडवणार नाही. नाहीतर महिनाअखेरीला अर्ज बंद करावा लागेल."

लग्न महिनाअखेरीच्या आदल्या रविवारी होतं.

हंबीरराव जेवून झोपाळ्यावर बसले होते तेव्हा तिने कागद पुढे केला. दोनच ओळी होत्या. 'माझा भाऊ मानाजी अठरा वर्षांपासून पत्नी अंबुजा हिच्यासोबत राहत नाही व तिला काही देत नाही.' खाली सहीची जागा. हंबीररावांनी चष्मा लावला, वाचलं, कागदाची घडी केली आणि तिच्या हातात परत दिली.

"लग्न होऊं दे."

"भावजी, महिनाअखेरीला अर्ज बंद होतो."

"मुलीच्या लग्नाच्या तोंडावर मी सही करूं, कीं माझा भाऊ बाईल टाकून पळाला म्हणून? वरपक्षाच्या कानीं गेलें तर?" आवाज चढला. "तुला इथें काय कमी आहे? जेवण घालतोंच कीं नाहीं?"

लग्न होऊ दे! अंबुजाला हे शब्द पाठ होते. आधी सासूबाईंची पंचाहत्तरी होऊ दे. मग जननीची बारावी होऊ दे. मग सासूबाईंचं वर्षश्राद्ध होऊ दे. मग साखरपुडा होऊ दे. या घरात सतत काहीतरी व्हायचं असायचं, आणि ते होईपर्यंत अंबुजाने सुवासिनी असायचं. सुवासिनींच्या पंगतीत पाच बायका कमी पडल्या की पहिली हाक तिला. हळदीला तिचा हात, तेल लावायला तिचा हात. टाकलेली बाई चालत नाही म्हणून टाकलेली नाही असं ठरवलेली बाई. तळपायाची आग मस्तकात गेली. कागदाची घडी तिने कंबरेला खोचली.

लग्न अंबत्तूरच्याच एका कल्याण मंडपात होतं. अंबुजा पहाटेपासून कोठीत नारळ मोजून देत होती. साडेआठला हंबीरराव घाईघाईने आत आले, नव्या अंगवस्त्राचा पदर सावरत.

"अंबुजा, हातपाय धू. चांगली साडी नेस. मानाजी आला आहे."

तिला आधी कळलंच नाही. कोण मानाजी?

"वरपक्ष विचारत होता, पत्रिकेंत नांव आहे ते चित्तप्पा, मुलीचे काका, कोठें म्हणून. मी फोन लाविला. यायचा नव्हता, पण आला बिचारा. मुहूर्त झाला कीं दोघें जोडीनें वरती उभें राहायचें, अक्षता टाकायच्या, एक फोटो. संपलें."

बिचारा! अंबुजा दारापर्यंत गेली. मंडपाच्या पहिल्या रांगेत, रेशमी वेष्टी नेसून, पोट सुटलेले, केस काळे केलेले मानाजीराव व्याह्यांशी हसून बोलत होते. त्यांची वेष्टी कोणी धुतली असेल? कोवलमच्या कुठल्या दोरीवर वाळली असेल? तिच्या दोरीवर मात्र अठरा वर्षं एक रिकामं कापड वाळत होतं, याच माणसाची अब्रू झाकायला. तिने पदर कंबरेला घट्ट खोचला. दुःख नव्हतं ते. दुःख कधीच आटलं होतं. निखळ संताप होता.

आणि मग तिच्या लक्षात आलं. एक फोटो. आजच्या तारखेचा. नवरा-बायको जोडीने स्टेजवर, गळ्यात हार. पाच वर्षं काय, पाच दिवससुद्धा उरणार नव्हते. हंबीररावांनी ठरवून केलं की न कळत, देव जाणे. पण त्या फोटोखाली तिचा अर्ज कायमचा गाडला जाणार होता.

मुहूर्त झाला. ती स्टेजकडे गेली नाही. पायसाची बादली उचलून ती तडक जेवणाच्या हॉलमध्ये गेली. पहिली पंगत बसली होती, साठेक पानं. तिसऱ्या रांगेत, हातावर पाणी घेऊन केळीचं पान शिंपडत, व्ही.ए.ओ. वेंकट बसला होता. कुंकू-अक्षता लावून बोलावलेला माणूस, तो आला होता. तिने त्याला पायस वाढलं. तो ओळखून संकोचाने हसला.

मागून आवाज आला. "अंबुजा." अठरा वर्षांनी. "चल, फोटोग्राफर थांबलाय. लोक बघताहेत."

ती वळली. मानाजीराव दोन पावलांवर होते. त्यांच्या मागे हंबीरराव, चेहऱ्यावर लग्नघराचं हसू तसंच चिकटलेलं. अंबुजाने बादली खाली ठेवली.

"येते की. पण मग फोटो झाला की घरी चलायचं ना?"

"कोणाच्या घरी?"

"आपल्या. दारावर तुमची पाटी आहे. रेशन कार्डावर तुम्ही प्रमुख आहात. तुमचे तांदूळ दर महिन्याला उचलते मी." तिचा आवाज वाढत चालला आणि तिने तो वाढू दिला. "मंगळवारी, शनिवारी तुमची वेष्टी धुते. सगळी गल्ली बघते. तुम्ही माझ्यासोबतच राहता, असं सगळे म्हणतात. मग या आज. संध्याकाळचा स्वयंपाक करते."

"हळू बोल," मानाजीराव दातांतून म्हणाले.

"तुम्हाला यायचं नसेल तर मी येते. आजच. कोवलमला. पिशवी भरायला दहा मिनिटं लागतील. पत्रिकेत सौ. छापलंय, तर सौ. म्हणून येते. ती जी आहे तिलाही सांगा, थोरली आली म्हणून."

मानाजीरावांचा चेहरा लाल झाला. त्यांना कोवलमचं दार आठवलं असणार आणि त्या दारात पिशवी घेऊन उभी राहिलेली ही. माणूस जिथे घाबरतो तिथेच ओरडतो.

"वेड लागलं का तुला? अठरा वर्षं मी त्या घराची पायरी चढलो नाही, आज चढेन? तुझा-माझा संबंध काय? एक पै दिली नाही तुला मी, की एक कागद लिहिला नाही. सुम्मा, उगीच दादा बोलावतो म्हणून आलो! मला काय गरज!"

साठ पानांवरचे साठ हात थांबले. रसमची बादली घेतलेला वाढपी जागच्या जागी उभा राहिला. व्याह्यांकडच्या एका म्हातारीने शेजारणीला मोठ्याने विचारलं, "काय म्हणाला तो?" आणि शेजारणीने त्याहून मोठ्याने सांगितलं.

अंबुजाने नवऱ्याकडे पाहिलंच नाही. ती तिसऱ्या रांगेकडे वळली.

"सार, ऐकलंत?"

वेंकटचा घास हातातच होता. त्याला मराठी समजत नव्हतं, पण मानाजीरावांचं ओरडणं निम्मं तमिळमध्येच होतं. चेन्नईत जन्म काढलेला माणूस रागावला की तमिळमध्येच रागावतो. वेंकटने घास पानावर ठेवला.

"ऐकलं अम्मा."

"नवऱ्याने स्वतः सांगावं म्हणाला होतात."

"म्हणालो होतो." त्याने मानाजीरावांकडे एकदा, हंबीररावांकडे एकदा पाहिलं. "सोमवारी या. साक्षीदार आणायची गरज नाही, मीच लिहितो."

मानाजीरावांना तो माणूस कोण ते कळेपर्यंत उशीर झाला होता. हंबीररावांना आधी कळलं. त्यांचं हसू उतरलं. पुढे होऊन ते पुटपुटले, "घराण्याची लाज घालविलीस. माझ्या मुलीच्या लग्नांत."

"मी घालवली?" अंबुजा म्हणाली. "मी अठरा वर्षं धुतली भावजी. घालवली कोणी, ते बघा तिथे उभे आहेत, रेशमी नेसून." आणि ती रिकाम्या पानावर जाऊन बसली, वेंकटच्या समोरच्या रांगेत. वाढप्याला म्हणाली, "वाढा." तो वाढत गेला आणि ती दोनदा भात घेऊन, पायस घेऊन, पोटभर जेवली. मानाजीराव कधी गेले ते तिने पाहिलं नाही. जननीचा फोटो नवऱ्याबरोबर निघाला, छान निघाला, आणि लग्न काही मोडलं नाही. एवढी वर्षं ज्याची भीती घातली, ते घडून गेलं आणि व्याह्यांनी दुसऱ्या पंगतीला आणखी लाडू मागवले.

सोमवारी वेंकटने कागद भरला. मग तिला वाचून दाखवला. एका रकान्यात त्याने तमिळमध्ये लिहिलं होतं, 'नवऱ्याने टाकलेली.' ते वाचताना त्याने डोळे वर केले नाहीत.

"दुसरा शब्द नाही का?" अंबुजाने विचारलं.

"छापील आहे, अम्मा."

असणारच. अठरा वर्षं राबली ती, एकवीस वर्षं स्क्रू भरले तिने, आणि कागदावर नाव कोणाच्या कर्तृत्वाचं? त्याच्याच. तिने सही केली, इतकी दाबून की अक्षरं खालच्या कागदावर उमटली. निघताना तिने विचारलं, पोटगीचा दावा कुठे लावतात? नवरा साठ लोकांत म्हणाला, एक पै दिली नाही म्हणून. वेंकटने पत्ता लिहून दिला.

मंगळवार उजाडला. अंबुजाने कपाटातून वेष्टी काढली आणि बादलीकडे गेली नाही. विळीच्या पात्यावर किनार धरून तिने ती मधोमध फाडली, मग पुन्हा फाडली. तीन तुकडे ठेवून दिले. चौथ्याने तिने मागची खोली पुसली, मग मोरी, मग जिना, एकेक पायरी, दारावरच्या पाटीखालचा उंबरासुद्धा.

खालून कनकाचा आवाज आला. "अंबुजा, नऊ वाजले. दोरीवर कांहीं नाहीं. समोरची विचारत होती."

"घालते, अक्का."

ती गच्चीवर गेली. पोतेरं घट्ट पिळलं, झटकलं आणि दोरीवर घातलं, हिरवी किनार समोरच्या तिन्ही घरांना नीट दिसेल असं.